हिंमतरावांची बाटली

महामायाला आपल्या कोचचा संशय पहिल्याच दिवशी आला, आणि तो काही उगाच आला नव्हता.

हिंमतराव फौजेतून आलेला माणूस. अंगानं वाळका आणि बोलायला त्याहून वाळका. पण लांब पल्ल्याचं पळणं शिकवणारा अमडापुरात तो एकटाच. महामायाला अर्धी मॅरेथॉन पळायची होती. दिवाळीनंतर राज्याची निवड चाचणी होती आणि घरच्यांनी एवढंच वर्ष दिलं होतं. निवड झाली तर पळायचं, नाही तर मुकाट्यानं नर्सिंगला जायचं.

हिंमतराव घरी बोलायला आले, तेव्हा आईनं, सिंधूताईनं, रिवाजाप्रमाणे आधी पाणी आणलं. पेला चांगला घासून, काठोकाठ भरून. हिंमतरावांनी पेल्यावर तळहात आडवा धरला. "नको ताई, मी दुसऱ्याकडचं पाणी पेत नाही." आणि खांद्याला लटकवलेल्या आपल्या बाटलीतून दोन घोट घेतले.

ते गेल्यावर सिंधूताईनं ते पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतून दिलं. "पाह्यलं? फौजेत गेला, देश फिरला, पण आपल्या घरचं पाणी नाही पेला."

"जाऊ दे न आई. मले पळण्याशी मतलब हाये."

असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर पहिलाच हुकूम काय सुटावा? "माह्या बाटलीले कोणी हात लावायचा नाही." झालं! महामायाच्या डोक्यात तिडीक गेली.

मग एकदा मन खट्टू झालं की सगळंच वाकडं दिसतं. हिंमतराव तिला "सावकाश, सावकाश" म्हणत आणि पुष्पांजलीला, म्हणजे आपल्या सख्ख्या पुतणीला, खुशाल पुढे सोडत. मले मुद्दाम मागं ठेवून राह्यले, महामायानं मनाशी पक्कं केलं. चिखलीच्या अकॅडमीतले सर कसे मोकळे! एका स्पर्धेत भेटले, तेव्हा म्हणाले, "ये बेटा, आपल्याकडे काही भेदभाव नाही." स्वतः कालवलेलं गुलाबी सरबत एकाच बाटलीतून सगळ्या पोरींना पाजत होते. महामायाला ते बघूनच भरून आलं. रविवारची लांब दौड हिंमतरावांकडची शेवटची, सोमवारी चिखली, असं तिनं आईला सांगूनही टाकलं.

रविवारी दोघी पोरी चिखली रस्त्यानं निघाल्या. मागे मोटारसायकलवर हिंमतराव. सोयाबीन निघून रानं मोकळी पडली होती आणि ऊन नुसतं भाजत होतं. अर्ध्या वाटेत पुष्पांजली थांबली. तिच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं, सगळं पाणी सांडून गेलं होतं. पोरीचे ओठ सुकले. महामायाला राहवलं नाही. राग काकावर होता, पोरीवर थोडाच? तिनं आपली बाटली पुढे केली.

"पेऊ नको!" हिंमतराव मागून ओरडले. "तिच्या बाटलीतलं पेऊ नको!"

महामायाचं डोकं भडकलं. आता कसली शंका! तोंडावरच सांगावं म्हणून ती वळली, तेवढ्यात पुष्पांजली रडकुंडीला येऊन म्हणाली, "मंग तुमच्यातलं द्या न काका!"

"माह्यातलंही नाही. पुढं हापशी हाये. सोता हापस अन् सोता पे."

"मरून राह्यली मी!"

"हापशीपर्यंत नाही मरत."

पोरगी रडत रडत हापशीकडे गेली. महामाया जागीच थबकली. सख्ख्या पुतणीलाही नाही?

"सर, हे काय हाये?" तिनं विचारलंच.

हिंमतरावांनी गाडी बंद केली. "गोपाल होता माह्याकडं. वाऱ्यासारखा पळे. स्पर्धेत कोणीतरी प्रेमानं बाटली देल्ली, हा पेऊन बसला. तपासणीत ताकद वाढवाचं औषध निघालं अन् पळण्यावर बंदी आली. पोरगं पार खचलं. तवापासून एकच नियम. आपलं पाणी आपण भरायचं. मीही पाळतो. मी नाही पाळलं, त पोरं कायले पाळतीन?"

महामायाला ते गुलाबी सरबत आठवलं. पण राग काही उतरेना.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"नियम म्हणजे नियम. त्यात काय सांगाचं?"

"आमच्या घरी पाण्यावर हात आडवा धरला न सर, त त्याचा एकच अर्थ असते."

हिंमतरावांचा चेहरा उतरला. "अरे बाप रे! माह्या तं मनातही नव्हतं, पोरी."

"तुमच्या मनात काऊन येईन? आमच्या मनातून जात नाही. अन् तुमची कोण तपासणी घेऊन राह्यलं? तुमाले कोणती मॅरेथॉन पळायची हाये?"

हिंमतरावांनी खांद्यावरची बाटली काढून गाडीच्या हँडलला अडकवली.

संध्याकाळी ते दारात उभे राहिले. खांद्याला बाटली नव्हती. महामायानं घरी सगळं सांगितलं होतं, तरी सिंधूताई जागची हलली नाही.

"ताई, पाणी द्या," हिंमतराव म्हणाले.

सिंधूताईनं त्यांना नीट न्याहाळलं. मग उठून पेला भरून दिला आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेस्तोवर समोर उभी राहिली.

"अजून?"

"द्या."

दुसरा पेलाही रिकामा झाला. तेव्हा कुठे तिनं लेकीची बाटली उचलली, सकाळी हिंमतरावांच्या मैदानावर न्यायला भरली, झाकण दोनदा आवळून पाहिलं आणि महामायाच्या हातात दिली.

"हे तुह्यं पाणी. कोणाले देऊ नको बरं."