सतरा नंबर

अठरा वर्षं मी अंधेरीच्या शाळेत शिकवतेय आणि माझा राग साऱ्या शाळेला ठाऊक आहे. पण गेले बारा दिवस हजेरी घेताना 'सोळा' म्हटलं की माझा आवाज अडतो. सतरा म्हणजे प्रांजल, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. ती येत नाहीये आणि मला तिची फार आठवण येते.

जुलैत तिच्या डब्यातली सुकट पाहून निहारने नाक दाबलं आणि दोघांची जुंपली. पार्ल्याच्या निहारला नुसती समज मिळाली, प्रांजलला तीन दिवस घरी बसवलं. तसं घरी कळवणाऱ्या पत्रावर सही माझी. पुढे एकदा अशा पत्रांच्या प्रती चाळल्या, तर सातपैकी सहा कोळीवाड्यातच गेलेली. मस्ती काय फक्त तिथलीच मुलं करतात? माझी मलाच लाज वाटली.

दिवाळीनंतर शाळेत नवी पद्धत आली. मूल चांगलं वागलं की तेही घरी कळवायचं. पहिलं पत्र मी प्रांजलचंच लिहिलं, आणि तिथेच माशी शिंकली. पत्र घातलं तक्रारीची पत्रं जातात त्याच खाकी लिफाफ्यात. दुसऱ्या दिवसापासून पोर गायब. घरी फोन केला तर कोणी उचलेना.

शेवटी शनिवारी वर्सोव्याला गेले. तिची आई रुक्मिणी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

"आता काय केलान पोरीनं?" मला बघताच ती म्हणाली. "खाकी पाकीट आलं तेव्हाच तिला बहिणीकडं अर्नाळ्याला धाडली. किती ऐकून घ्यायचं, बाई?"

आतून तिने लिफाफा आणून दिला. तो फोडलेलाही नव्हता.

मीच फोडला आणि वाचलं, "पहिलीतली एक मुलगी पडली, तेव्हा प्रांजलने तिचा गुडघा धुतला आणि ती हसेपर्यंत तिच्याजवळ बसली. अशी मुलगी माझ्या वर्गात आहे, याचा मला अभिमान वाटतो."

रुक्मिणीने पदराला हात पुसले. "परत वाचा."

मी परत वाचलं. "जुलैतही मी चुकले आणि आता या लिफाफ्यातही," मी म्हणाले. रुक्मिणीने बहिणीला फोन लावून प्रांजलला बोलावलं आणि तो माझ्या तोंडाशी धरला.

"आता तिला वाचून दाखवा."

मी तिसऱ्यांदा वाचलं.

"बाई," प्रांजलने हळूच विचारलं, "माझा सतरा नंबर कोणाला दिलात?"

"कोणाला देणार, बावळट? रोज तुझ्यापाशीच अडते मी."