फुकट राखणदाराची कैफियत

मी एक जुना राखणदार आहे. माझ्या हातात काठी नाही, अंगात खाकी नाही. मला मुळी अंगच नाही. मित्रांनो, मी संगणकात चालणारा एक प्रोग्रॅम आहे. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचं टक्कल जाईल, असला कचरा जे संगणक दिवसरात्र मेलने फेकत असतात, त्यांचे पत्ते माझ्या काळ्या यादीत असतात. दारात मेल आला की मेल घेणारा संगणक मला विचारतो, "हा तुझ्या यादीत आहे का?" मी 'आहे' म्हटलं की दार बंद. एवढंच माझं काम. ते मी इमानाने केलं, आणि त्याचाच मला आता वीट आला आहे.

२००२ साली कोल्हापुरात, राजारामपुरीत माझा जन्म झाला. तिथे अण्णासो नावाच्या गृहस्थांची, शहराला आणि आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवणारी कंपनी होती. मला लिहिलं ते त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या प्रसेनजीतने. हा कोडोलीचा पोरगा. त्याचे आजोबा आकाराम यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. तेव्हा ते एका लहानशा वाडीत राहत. वाडीने त्यांना वाळीत टाकलं. दुकानात मीठ मिळेना, गिरणीत दळण मिळेना. शेवटी घरदार सोडून ते कोडोलीला आले. म्हातारपणी नातवंडांना जवळ बसवून ते सांगायचे, "वाळीत टाकल्यालं सोसलं रं. पर का टाकलं ह्ये इचारायला चावडीवर गेलतो, तर म्हनाली, वाळीतल्या मानसानं चावडीची पायरी चढायची न्हाय. मग इचारायचं कुठं, सांग की!"

हे ऐकतच प्रसेनजीत मोठा झाला होता. म्हणून त्याने मला दोन रीती शिकवल्या. ज्याला बाहेर ठेवशील त्याला कारण सांग, आणि त्याला परत यायची वाट दाखव. माघारी गेलेल्या प्रत्येक मेलखाली लिहिलेलं असायचं की तुमच्या संगणकावरून कचरा येतो, म्हणून तुम्हाला अडवलं आहे; दुरुस्ती झाली की कंपनीच्या अमुक पत्त्यावर विनंतीचा मेल करा. दुसऱ्याच्या नावाने कुणी सोंग करू नये म्हणून ही विनंती त्या अडवलेल्या संगणकावरूनच यायला हवी, असा नियमही त्याने घातला. किती विचारी मुलगा, असं मलाही वाटलं होतं.

मग त्याने मला मोकळं सोडलं. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, हवा तसा बदलावा. कुठल्या कुठल्या गावांनी, कुठल्या कुठल्या देशांनी माझ्या प्रती नेल्या. नेणाऱ्यांनी आभार मानले नाहीत ते नाहीत, वर तक्रारी केल्या. धर्माची गाय आणि दात का गं नाय! अण्णासोंनी मात्र प्रसेनजीतला फेटा बांधून मिरवलं. "आमच्या पोरानं जगाच्या कचऱ्याला कुलूप लावलं!" माझ्याच जोरावर त्याला बंगळुरात मोठी नोकरी लागली. तो गेला आणि मी कंपनीच्या जिन्याखालच्या यंत्रात चालत राहिलो. त्या यंत्रावरची धूळसुद्धा कुणी पुसली नाही.

प्रसेनजीतची धाकटी बहीण क्रांती कोडोलीत डीटीपीचं दुकान चालवायची. लग्नपत्रिका, दूध संस्थेचे अहवाल टाईप करून ती मेलने कोल्हापूरच्या छापखान्यांना पाठवायची. तालमीच्या कोपऱ्यावरचं ते दुकान तिने स्वतः उभं केलं होतं. गावातली लग्नं आता माझ्या दुकानावरून जातात, असं ती तोऱ्यात म्हणायची. ऐन लगीनसराईत कुणा गिऱ्हाईकाच्या फ्लॉपीतून तिच्या संगणकात व्हायरस शिरला, आणि संगणक तिच्या नकळत कचरा ओकू लागला. मी तिचा पत्ता यादीत घातला. छापखान्यांचे मेल अण्णासोंच्याच कंपनीतून जात, त्यामुळे तिचं तिकडचं दारही बंद झालं. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

क्रांतीने दुसऱ्याच दिवशी संगणक साफ करून घेतला आणि सांगितल्याप्रमाणे विनंतीचा मेल धाडला. तो कंपनीच्या दारात आला. दाराने रिवाजाप्रमाणे मला विचारलं, "हा यादीत आहे का?" मी म्हटलं, "आहे." दार बंद! विनंती माघारी गेली, आणि तिच्याखाली पुन्हा तेच: विनंतीचा मेल करा. तिने पुन्हा केला. मी पुन्हा परतवला.

तिने कंपनीत फोन केला. अण्णासो म्हणाले, "ताई, तुमची विनंतीच आली न्हाय. ती आल्याबिगर नाव निघत न्हाय. नियम तुमच्या भावाचाच हाय."

मग तिने बंगळूरला फोन लावला. "दादा, माझं मेल माघारी येत्यात."

"मग खाली लिव्हलंय तसं कर की."

"तसंच केलंय. त्येबी माघारी येतंय."

"तूच कायतरी चुकत असशील. ती वाट मी सोता करून ठेवलीया," म्हणून त्याने फोन ठेवला. तपासून बघायला त्याला वेळ झाला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ!

क्रांती फ्लॉपी घेऊन एसटीने कोल्हापूरला खेटे घालू लागली. कधी फ्लॉपी उघडायची नाही, कधी एसटी चुकायची. छापखान्याचे पिराजी शेवटी म्हणाले, "पोरी, मुहूर्त काय तुझ्या फ्लॉपीसाठी थांबतोय व्हय? काम दुसऱ्याला दिलं." लगीनसराई संपली तेव्हा दुकानही संपलं. क्रांती आजऱ्याला काजूच्या कारखान्यात नोकरीला लागली.

दसऱ्याला भाऊ-बहीण दोघंही घरी आले. दुकानाचं शटर बंद बघून प्रसेनजीत चपापला. त्याने ते उघडलं, संगणक लावला आणि स्वतःच्या हाताने विनंती पाठवली. माझा नकार पडद्यावर आला. तो वाचतच राहिला.

क्रांती मागे उभी होती. ती ओरडली नाही. "आजाला चावडीची पायरी चढू दिली न्हाय," ती म्हणाली. "तू त्येचा नातू. तुझ्या चावडीलाबी त्योच नेम केलास?"

त्याने त्याच दिवशी आपल्याजवळच्या माझ्या मूळ प्रतीत दुरुस्ती केली. विनंतीचा मेल आला तर दाराने मला विचारायचंच नाही, अशी सोय केली, आणि प्रती नेलेल्या सगळ्यांना कळवलं. किती जणांनी ती दुरुस्ती घेतली म्हणता? गरज सरो, वैद्य मरो! अण्णासोंनीही त्याला जिन्याखालच्या यंत्राला हात लावू दिला नाही. "चाललंय की झ्याक. कशाला उकरतोस?" निदान तुझा पत्ता तरी यादीतून काढायला लावतो, असं तो क्रांतीला म्हणाला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुकानच न्हाय, तर पत्ता सोडवून काय करू?" त्यानंतर प्रसेनजीतने मला कधी उघडलं नाही.

मित्रांनो, दार लावावं लागतं, त्याला माझी ना नाही. पण ज्याला बाहेर काढाल, त्याचं गाऱ्हाणं ऐकायची जागा दाराबाहेर ठेवा. आणि फुकट मिळालेल्या वस्तूलाही अधूनमधून उघडून बघत जा. तिच्यात बिघाड झाला की भोगणारा भलताच असतो.

मी अजून जिन्याखालीच आहे, आणि क्रांतीचा पत्ता अजून माझ्या यादीत आहे. तिने उद्या विनंती केली तरी मी तिला माघारीच पाठवीन, आणि खाली लिहीन, विनंतीचा मेल करा. मला दुसरं काही शिकवलेलंच नाही.