छातीवरचे घाव

माझ्या भावाच्या खुनाला वर्ष व्हायच्या आत त्याच्यावर गाणं निघालं. तळवड्यात रोहिदास म्हणून एक गायक आहे, तो अशी गाणी बनवून देतो. 'सिद्धेशभाई माणचा वाघ, छातीवर झेलले घाव.' आमच्या माण गावात ते हळदीला वाजतं, वरातीत वाजतं, रिक्षातही वाजतं. मी हिंजवडीच्या ऑफिसातून दमून येते आणि चौकात माझा भाऊ पुन्हा मरतो. खरं सांगते, आता मला दुःखाचाही कंटाळा आलाय.

भाई कसला डोंबलाचा! जमीन आयटी पार्कात गेली, दारात गाडी आली, मागे चार टाळकी हिंडायला लागली, झाला भाई. मेला तोसुद्धा मिरवणुकीत कुणाचा डीजे पुढे न्यायचा, या भांडणात.

पण गाण्याचं शेवटचं कडवं आयुषवर होतं. 'धाकला भाऊ उभा हाय, कोयता त्याचा जागा हाय.' आयुष माझा धाकटा भाऊ, चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा, डबा घेऊन जाणारा साधा पोरगा. गाणं आल्यावर पोरं त्याला विचारायला लागली, "काय राव, कधी?" त्यानं दाढी वाढवली. शिफ्टला दांड्या सुरू झाल्या. आईची जेवणावरची वासना उडाली. आमचे वडील, अण्णा, नुसते टीव्ही बघत बसायचे.

मग सिद्धेशचा वाढदिवस आला. आमच्याकडे मेलेल्याचाही बड्डे होतो. फ्लेक्स लागतो, फोटोला हार पडतो, केक येतो. केक कोयत्यानं कापतात, आणि जो कापेल त्यानं बदल्याचा शब्द दिला असं धरतात. संध्याकाळी चौकात रोहिदास स्वतः गायला आला होता. शेवटचं कडवं सुरू झालं आणि आयुषनं कोयता हातात घेतला.

आई गर्दीतून पुढे गेली आणि तिनं रोहिदासच्या हातातला माइक काढून घेतला.

"लई गायलास, बाबा. आता मी सांगते. मुडदा वळखाया मी आन ही माझी लेक सायली गेलो व्हतो. छातीवर एक घाव नव्हता. समदे पाठीवर. पळत व्हता माझा सिद्धेश."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आयुष लालबुंद झाला. "आई, खोटं बोलू नको!" म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मोठ्या भावाची लाज राहिली असती.

"खरंय," मी म्हणाले.

त्यानं कोयता टेबलावर टाकला आणि तो घरी निघून गेला. आता तो आमच्या दोघींशी बोलत नाही, पण शिफ्टला जातो. गाणं बंद पडलं. गावात सिद्धेशला पळपुटा म्हणतात, आम्हाला ऐकू येईल असं म्हणतात.

परवा मला राहवलं नाही. आई लसूण सोलत होती. म्हटलं, "आई, वाघ होता तो लोकांसाठी. मेलेल्या पोराची अब्रू घालवलीस तू."

"घालवली. दुसरं काय व्हतं माझ्यापाशी?" तिचे हात थांबले नाहीत. आणखी एक पाकळी सोलून म्हणाली, "आन पळत व्हता म्हंजी काय गं, सायले? घराकडंच पळत व्हता ना त्यो."