नळाची बारीक धार

आमच्या गिझरला आवाज आहे. गिझर बाहेर, मागच्या भिंतीवर टांगलेला, पण टब भरला की स्वयंपाकघरातल्या बटणांच्या पाटीतून एक बाई गोड आवाजात सांगते, "स्नान तयार आहे." माझा नवरा इवाओ तिला रोज उत्तर द्यायचा, "आलो गं, आलो." मला त्याने कधी इतक्या प्रेमाने ओ दिली नाही. मग गळ्यापर्यंत पाण्यात बसून म्हणायचा, "स्वर्ग."

तो हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून एवढंच मागत होता, घरच्या टबात एकदा बसायचं. डॉक्टरांनी शेवटी रविवारी एका दिवसाची परवानगी दिली. पुढची देता येईल असं वाटत नाही, हे त्यांनी मला दाराबाहेर सांगितलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडीची लाट आली. नागासाकीच्या आमच्या चढावर पाणी गोठणं माहीतच नाही कोणाला. शुक्रवारी गल्लीतल्या भोंग्यावरून सूचना झाली: गिझरची विजेची पिन काढू नका, पाइप गुंडाळा, गरम पाण्याच्या नळाची बारीक धार रात्रभर सोडून ठेवा. मी पाइपला जुने टॉवेल बांधले, वरून प्लास्टिक गुंडाळलं, धार सोडली. शनिवारची सकाळ सुखरूप गेली.

शनिवारी संध्याकाळी भोंगा पुन्हा बोलला. सगळ्या गावाने धारा सोडल्यामुळे टाकी रिकामी होत आली होती, तेव्हा कृपा करून नळ बंद ठेवा. यंदा गल्लीप्रमुखाची पाळी माझी. म्हणजे पायऱ्या चढत-उतरत दारोदार जाऊन सांगणं आलं. सगळ्यांनी वाकून ऐकून घेतलं. समोरचे उराकावा तर म्हणाले, "हो वहिनी, आत्ता बंद करतो. तुम्हालाच बिचाऱ्यांना त्रास." घरी येऊन मी आमचा नळ घट्ट बंद केला. जिने सांगितलं तिनेच पाळलं नाही तर कसं दिसेल?

सकाळी गरम नळातून थेंब आला नाही. मागची भिंत उत्तरेकडे, तिथे ऊन फिरकत नाही. मी टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पाइपवर धरत राहिले. उकळतं ओतलं तर पाइप तडकतो, एवढं ठाऊक होतं. दुपार व्हायच्या आधी पाइपमध्ये काहीतरी सुटल्यासारखं वाजलं, मला बरं वाटलं, आणि गिझरच्या खालून पाणी कोसळायला लागलं.

उराकावा धावत आले, त्यांनी गिझरची चावी बंद केली. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आतली नळी फुटली असणार, सगळ्या शहरातून फोन येताहेत, आठवडा तरी लागेल.

"तुमचा चालतोय?" मी विचारलं.

उराकावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही खरंच बंद केलात होय नळ?"

मला रडायला येत होतं आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती. मी वाकून आभार मानले.

दुपारी उराकावांच्या दोन्ही मुलांनी इवाओला खालच्या रस्त्यापासून पायऱ्यांवरून आळीपाळीने पाठीवर आणलं. धाकटा म्हणाला, "काका, आमच्याकडे या अंघोळीला, टब भरलाय."

"पोटाला ही नळी लावून दुसऱ्याच्या टबात बसू?" इवाओ म्हणाला. "नको रे बाबा. तुम्हाला मागाहून त्याच पाण्यात उतरायचंय." मुलं गेल्यावर मला म्हणाला, "अगं, आपल्या टबाला काय झालं?"

मी सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "गल्लीप्रमुखबाई," एवढंच म्हणाला.

दोन शेगड्यांवर मी पातेली चढवली. एक ओतून दुसरं आणेपर्यंत पहिलं निवायचं. हात भाजले, कंबर धरली, आणि टबात पाणी आलं घोट्यापर्यंत. इवाओ म्हणाला, "पुरे आता." मी त्याला टबाच्या काठावर बसवलं, पाय आत सोडले, खांद्यावर गरम टॉवेल टाकला. त्याच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या राहिल्या होत्या.

"स्वर्ग," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"खोटं बोलू नका हो," मी म्हटलं.

"बरं. अर्धा."

संध्याकाळी त्याला परत हॉस्पिटलमध्ये नेलं. दुरुस्तीवाला आला तेव्हा घरात इवाओच्या फोटोपुढे पांढरी फुलं होती आणि उदबत्तीचा वास. त्याने नळी बदलली, टब भरायला लावला, माझ्यासमोर वाकला आणि गेला. मी फुलांचं पाणी बदलत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ती बाई बोलली, "स्नान तयार आहे."

मी फुलदाणी हातात धरून उभीच राहिले. टब गार झाला की गिझर आपोआप पाणी तापवतो आणि ती पुन्हा सांगते. तिने पुन्हा सांगितलं. मग मी जाऊन बटण बंद केलं.