हळदीच्या तोंडाला लष्करी टोपी

भाऊ, माझ्या मुलीला सैन्यात तुम्ही भरती केलंत. सैन्याला पत्ता नाही, तिला पत्ता नाही, पण बाळकुम नाक्यावरच्या तुमच्या बॅनरला सगळं माहीत. ‘बाळकुमची वाघीण, कॅप्टन डॉक्टर कृतिका.’ अहो, तिची बारावीची मार्कशीट अजून लॅमिनेट व्हायची आहे.

खरं काय ते ऐका. लष्कराच्या मेडिकल कॉलेजात तिचं नाव लागलं. फी नाही, राहणं-जेवण त्यांचं. बदल्यात डॉक्टर झाल्यावर कितीतरी वर्षं ते पाठवतील तिथं नोकरी. दुसरीकडे ठाण्यातच सरकारी कॉलेजची सीट, घरचा डबा. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचंय. शेजारचे टेरेन्स अंकल सैन्याच्या इस्पितळातून रिटायर झालेत. ते म्हणाले, शिकवतात एकदम झकास, पण पुढचं मोठं शिक्षण कधी घ्यायचं ते वरचे साहेब ठरवणार. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. पोर विचार करत होती. तेवढ्यात तुम्ही उगवलात.

फोटो तरी धड लावायचा. मितेशच्या, तिच्या चुलतभावाच्या, हळदीतला उचललात आणि वर कॉम्प्युटरने टोपी चिकटवलीत. माझ्या सासूबाईंनी बॅनरखाली उभं राहून विचारलं, “पोरीला कावीळ झाली का गो?” शेजारी तुमचं तोंड तिच्या पाचपट.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षावाले तिला सॅल्यूट ठोकायला लागले. पाणीपुरीवाल्याने तिखट घालणं बंद केलं, फौजीने पोट सांभाळायला पाहिजे म्हणे. माझा नवरा दूध आणायलासुद्धा छाती काढून जायला लागला.

तेव्हा कृतिका मला म्हणाली, “आई, मी गेले तर बॅनर लागला म्हणून गेली म्हणतील. नाही गेले तर घाबरली म्हणतील. मग मी ठरवायचं काय?”

दहीहंडी जवळ आली की आमचं महिला गोविंदा पथक संध्याकाळी मैदानात सराव करतं. त्या संध्याकाळी सराव नाक्यावर घेतला, तुमच्या बॅनरखाली. तळाच्या थरात मी, सगळ्यात वर कृतिका, हातात माझी शिवणाची कात्री. तिने बॅनर फाडला नाही. फक्त स्वतःचं तोंड कापून घेतलं, टोपी राहू दिली. आता तिथे एक भोक आहे, भोकावर टोपी आहे आणि बाजूला हात जोडून तुम्ही.

खाली उतरल्यावर म्हणाली, “माझं ठरलं.”

काय ठरलं, विचारलं.

“शनिवारी सांगेन. आज सांगितलं तर सकाळी दुसरा बॅनर लागेल.”

तुमची पोरं विचारत फिरतायत, बॅनर कोणी कापला. आम्ही कापला. पथकातल्या सगळ्या बायकांनी मिळून. आता तुम्ही सांगा, आणि तिथेच नाक्यावर उभं राहून सांगा: तिचं तोंड टांगण्याआधी तिला एकदा तरी विचारलं होतंत का?