एका खांबाची की चार खांबांची

आमच्या मालकांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही आणि घ्यायची वेळही आली नाही. सुप्याला पुणे-नगर रस्त्यावर एस्टीतून उतरलं की समोरच्या पत्र्याच्या शेडवर ते हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: गहिनीनाथ ऑटो गॅरेज. जीपवाले, टेम्पोवाले, पुण्याचे अँबॅसिडरवाले, सगळे त्याच नावानं हाका मारायचे. शेडमागच्या खोलीत माझा संसार होता, त्यामुळं भाकरी थापता थापता मला ते दिवसभर फुकट ऐकायला मिळायचं.

बहात्तरचा पाऊस आला नाही तो आलाच नाही. त्याच हिवाळ्यात एक गिअरबॉक्स उतरवताना मालकांच्या कंबरेत अशी चमक भरली की माणूस जागचा हलेना. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरून पाहिला आणि सांगितलं, वाकणं बंद, सरपटणं बंद, शिडीची चढउतार बंद. उभ्यानं होईल तेवढं काम करा, नाहीतर धंदा सोडा. मोटारीच्या कामाशिवाय मालकांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं. दिवाळीला माझ्या माहेरी आले तरी कुणाची तरी बिघडलेली जीप हुडकून काढायचे, तेव्हा कुठं त्यांना पुरणपोळी गोड लागायची.

दवाखान्यातून स्टँडकडं येताना रस्त्यात एक पेट्रोलपंप होता. तिथं एक अँबॅसिडर हवेत उभी होती. मी थट्टा करत नाही, हवेतच. जमिनीतून एक चकचकीत जाड खांब वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर आख्खी मोटार, चाकं लोंबकळत. खाली एक माणूस सरळ उभा राहून शिट्टी वाजवत ग्रीस भरत होता. मालकांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि न विचारता मोटारीखाली जाऊन उभे राहिले. मान वर करून बघत राहिले. मग हात वर नेऊन त्यांनी हळूच एका नळीला बोट लावलं. देवळात मूर्तीच्या पायाला लावतात, तसं.

मी म्हटलं, चला, एस्टी जाईल. एस्टी गेलीच.

त्या माणसानं एक दांडी दाबली तेव्हा फुस्स आवाज झाला आणि तो खांब मोटारीसकट खाली जमिनीत गेला. माझ्या अंगावर काटा आला. एवढं ओझं वर कोण ढकलतं आणि खाली कोण ओढतं, हे मला मालकांनी पुढं पुष्कळदा समजावलं, पण मला ते आजही पुरतं पटलेलं नाही.

मालकांनी पत्र घातलं, मग पुण्याहून लिफ्ट विकणाऱ्या कंपनीचे राधाकृष्ण नावाचे गृहस्थ आले. उंच, बोलायला मऊ, पायात पॉलिश केलेले बूट. त्यांनी दोन लिफ्टचे, म्हणजे मोटार उचलायच्या यंत्रांचे, फोटो आमच्या बाजेवर मांडले. एक तीच, एका खांबाची. तिला खोल खड्डा लागतो, आणि तो कोरडा हवा, म्हणाले, कारण लोखंड कायमचं जमिनीत राहतं. दुसरी चार खांबांची. ती फरशीवरच बोल्टांनी बसते. गाडी तिच्या दोन लांब पट्ट्यांवर स्वतःच्या चाकांवर उभी राहते, म्हणून चाकांची लाईन, म्हणजे चाकं एका रेषेत सरळ आहेत का ते, तिच्यावर अचूक तपासता येते. त्या वेळचे रस्ते असे होते की जीपवाल्याची लाईन दर महिन्याला जायची आणि टायर एका अंगानं झिजायचा. राधाकृष्णांचं म्हणणं, तुमच्या धंद्याला चार खांबांचीच बरी.

पण मालकांचा जीव त्या एका खांबावर जडला होता. चार खांबांची म्हणजे ही बाज झाली, म्हणाले. ठरलं, एकाच खांबाची.

खड्डा खणायला भीमा आणि छगन हे भाऊ मिळाले. निम्म्या पारनेर तालुक्यातल्या विहिरी त्यांच्या हातच्या. पण त्या साली आहेत त्याच विहिरी कोरड्या पडलेल्या, नवी कोण खणवतो? दोघं खडी फोडायला जात होते. मालकांनी त्यांना शेडच्या मधोमध चुन्यानं चौकोन आखून दिला, कंपनीचा कागद दाखवला, दीड परस खोल म्हणून सांगितलं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आणि आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी नगरला गेलो, दवाखान्यात मालकांच्या कंबरेला वजनं लावायची होती म्हणून.

परत आलो तर गॅरेजसमोर ही गर्दी. मला वाटलं कोणी गेलं की काय. पण बायकांच्या डोक्यावर घागरी होत्या, आणि कोणी रडत नव्हतं. कोणी बोलतही नव्हतं. एवढ्या बायका आणि आवाज नाही, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आत गेलो. चुन्याचा चौकोन कुठल्या कुठं गेला होता. शेडच्या मधोमध गोल विहीर होती, बांधीव नसली तरी कडा अशा साफ की बघत राहावं. तळाशी पाणी. आणि काठावर शेंदूर लावलेले सात गोटे, पुढं हिरव्या बांगड्या आणि खणाची ओटी. गावातल्या म्हाताऱ्या साळूबाईनं साती आसरा, पाण्याच्या सात देवी, बसवल्या होत्या. नव्या पाण्याला आमच्याकडं बसवतातच.

भीमा मान खाली घालून उभा होता. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, “कागदावर चौकोन हुता, व्हय. पर आमचा हात गोलच फिरतो. दीड परसावर मुरूम वला लागला. आता तुमीच सांगा मिस्त्री, औंदा वल दिसल्यावर टिकाव खाली ठेवायचा कसा?”

साळूबाईला तर लिफ्ट हा प्रकारच ठाऊक नव्हता. गोल दिसलं, पाणी दिसलं, तिनं देव मांडले. तिची काय चूक?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मालक म्हणाले, खड्डा बुजवायचा. तळ थोडा वर घेऊन, गिलावा करून, खांब बसवता येईल. नाहीतर मी कशाला उठायचं रोज?

मला त्यांचाही राग आला आणि त्या पाण्याचाही. चार महिने मी टँकरच्या रांगेत भांडत होते. गढूळ पाणी फडक्यानं गाळून यांना पाजत होते. आणि हा माणूस बाजेवरून उठताना ओठ चावतो, तेही मीच बघत होते. पाणी लागायचं तर सगळा तालुका सोडून नेमकं इथंच?

“बुजवा,” मी म्हटलं. “पर पहिली पाटी तुमच्या हातानं टाका.”

बोलून गेले आणि माझंच काळीज हललं, कारण त्यांना वाकता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं. ते उठून शेडमध्ये गेले. मुरुमाच्या ढिगाशी भरलेली पाटी पडली होती. तिच्याकडं बघत नुसते उभे राहिले. गुडघे थोडे वाकवले, परत सरळ झाले. बायका पोहरे सोडायच्या थांबल्या. तेव्हा साळूबाई पुढं झाली. तिनं ती पाटी उचलली, तिच्या वयाला न शोभेल अशी एका दमात, आणि मालकांच्या हातात दिली.

“घे बाबा,” ती म्हणाली. “जमीन तुजी हाय.”

मालक पाटी छातीशी धरून काठावर गेले. मीही मागं गेले. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा सरळ पाण्यात पडला होता. तळाचा दगड दिसत होता, त्याच्या फटीतून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते, थांबतच नव्हते. बाहेर कोसभर झाडाला पान नव्हतं, गुरं छावणीत, नाले फाटलेले, आणि इथं आमच्या डिझेलच्या डागांखाली हे इतके दिवस गुपचूप वाहत होतं. मला हात जोडावेसे वाटले, मी जोडलेही. मालक बघतच होते. पाटी छातीशी तशीच होती. शेवटी ते वळले आणि त्यांनी मुरूम बाजूला ओतला, पुन्हा ढिगावरच.

राधाकृष्ण खड्डा कोरडा आहे का ते तपासायला आले, तेव्हा पाण्याची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ते शेडच्या दारात थबकले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी आत गेले आणि खूप वेळ विहिरीत वाकून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज निम्मा झाला होता. एका खांबाची आता इथं बसायची नाही, म्हणाले, हाताभरावर दुसरा खड्डा घेतला तरी त्यात पाणीच येईल. चार खांबांची बाहेर अंगणात बसेल, तिला जमीन फक्त टेकायला लागते.

मालकांनी फोटो मागितलाच नाही. “तिच्याखाली सरळ उभं ऱ्हाता येतं का?”

“येतं.”

“डोकं न्हाई लागत?”

“तुमचं नाही लागणार. माझं लागेल.”

“मंग तीच पाठवा.”

एवढं बोलून ते मागं खोलीत आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांना वाईट वाटलं होतं. मनातून उतरवायला तो खांब काही हलका नव्हता.

लिफ्ट आली ती उन्हाळा ऐन भरात असताना. रस्त्याकडेला, उघड्या आभाळाखाली फरशी करून चार खांब उभे केले. पहिली चढली ती श्रीगोंद्याची एक जीप, लाईन गेलेली. मालकांनी बटण दाबलं. मोटर घूं करायला लागली आणि जीप उठली. डुलली नाही, कलली नाही, चारही चाकांवर उभीच्या उभी वर निघाली. पाण्याच्या रांगेतल्या बायकांनी डोक्यावरचा पदर धरून माना वर केल्या. रस्त्यानं चाललेला एक ट्रक थांबला. जीप माणसाच्या डोक्यावर गेली आणि तिच्याखालून पलीकडचं माळरान दिसायला लागलं.

मालक ताठ चालत तिच्याखाली गेले. पाना वर नेला, कुठंतरी लावला, आणि कामाला लागले.

मी भरलेली घागर घेऊन निघाले होते ती तिथंच उभी राहिले. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. बाराही वर्षं मी यांना काम करताना रोज बघत आले, असं मला वाटत होतं. पण मी बघितलं होतं काय? गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, मळलेल्या टाचा. चेहरा दिसायचा तो काम संपल्यावर, दमलेला, कावलेला. आज तो वर वळलेला होता आणि त्यावर ऊन होतं. भुवया किंचित चढलेल्या, ओठ हलताहेत, लोखंडाशी काहीतरी बोलताहेत हळूहळू, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. इतका देखणा माणूस माझ्या घरात राहतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

रांगेतून साळूबाई ओरडली, पोरी, घागर सांडतीया. खरंच सांडत होती. माझा खांदा भिजला होता, त्या साली, आणि मी एक थेंबही वाचवायला गेले नाही.