भांडणाखालच्या चौदा ओळी

अकरा वाजता हाल्व्हरचा अंत्यविधी होता आणि त्याच्याविषयी बोलायचं होतं त्याच्या सख्ख्या भावाने. आइनार त्वाइट अमेरिकेतल्या उत्तर डाकोटाच्या त्या गावात तीस वर्षं पाद्री होता. शे-दोनशे माणसांना त्याने निरोप दिला असेल. पण या भावाशी तो बारा वर्षं बोलला नव्हता, आणि ते चर्चच्या बाकाबाकाला माहीत होतं.

सकाळपासून तो चर्चच्या मंडळींनी भेट दिलेल्या कॉम्प्युटरपुढे बसून होता. मुद्दे मांडायच्या प्रोग्रॅमचा त्याला नाद लागला होता. मथळा लिहायचा, त्याच्या पोटात ओळी घालायच्या. मथळा उचलला की पोटातलं सगळं त्याच्याबरोबर हलायचं, आणि मिटला की नुसता मथळा उरायचा. बालपण, शेत, सैन्य, भांडण, लेनोर. 'भांडण' त्याने शेवटी नेलं, पुन्हा वर आणलं, 'सैन्य'च्या पोटात दडवलं, परत काढलं. त्याखाली चौदा ओळी होत्या. वडिलांना वृद्धाश्रमात का ठेवलं, याची चौदा कारणं.

"नुसता ओळी वरखाली करतोयस," त्याची बायको बोर्गिल कॉफी घेऊन आली. "भाऊ गेलाय तुझा. किराण्याची यादी आहे का ती?"

"होत आलंय."

"कालपण होत आलं होतं."

ती खांद्यावरून वाकली, तसे त्याने घाईघाईने सगळे मथळे मिटले. ती कारणं तिला पाठ होती.

"छाप आता. लोक आलेत."

प्रिंटर करकरला. कागद न बघताच त्याने घडी करून बायबलमध्ये घातला.

व्यासपीठावर उभं राहून त्याने तो उघडला. पाच शब्द. मिटलेलं होतं ते मिटलेलंच छापलं गेलं होतं.

बालपण, शेत, सैन्य आठवणीतून निभावलं. मग चौथा शब्द आला. मागे वेदी, पुढे शवपेटी, आणि पेटीपलीकडे पहिल्याच बाकावर हाल्व्हरची बायको लेनोर. सरळ पाचव्या शब्दावर जाता आलं असतं, पण नजर हलेना. पहिलं कारण आठवलं, घराला जिना होता. दुसरं, बोर्गिलची पाठदुखी. लेनोरपुढे ते तोंडातून निघेना.

कुणीतरी खोकलं.

"बोल आइनार, नाहीतर उतर खाली," लेनोर हळूच म्हणाली. "खाली तळघरात बायकांनी सगळ्यांचं जेवण मांडून ठेवलंय."

त्याने दोन्ही हातांनी व्यासपीठाच्या लाकडाची कड धरली.

"हाल्व्हर म्हणाला होता, बाबांना घरी आण. मी नाही आणलं."

ऑर्गनवाल्या बाईने पट्ट्यांवर ठेवलेले हात परत मांडीवर घेतले.

"त्यांना यायचं होतं," आइनार म्हणाला. "मला दर रविवारी फोन करायचे."

लेनोर त्याच्याकडे बघत होती. तिने मान वळवली नाही, म्हणून त्यालाही वळवता आली नाही.